बटण दाबलं, पण पीसी ढिम्म!

सगळे पार्ट जागेवर बसले, वायरी नीट बांधून झाल्या, कॅबिनेटची काच पुसून लख्ख केली. बटण दाबलं, आणि पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. स्वतःच्या हातानं पीसी जोडणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथेच. काहीतरी जळलं, हाच विचार आधी मनात येतो. पण थांबा! पहिल्यांदाच जोडलेला पीसी चालू होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा काहीही जळलेलं नसतं. पीसी चालू होणं म्हणजे एकामागून एक मिळणाऱ्या परवानग्यांची साखळी आहे, आणि त्यातली एखादी परवानगी कुठेतरी अडलेली असते. ती शोधायची, इतकंच काम. साखळीच्या प्रत्येक कडीला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की शोधाशोध निम्म्यानं सोपी होते.

बटण पीसी चालू करतच नाही

खरंच! कॅबिनेटवरच्या बटणातून पीसीची वीज जातच नाही. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, बस्स. 'चालू व्हायचंय' एवढा निरोप त्यातून पोचतो. तो ऐकायला मदरबोर्डचा एक कोपरा जागा असावा लागतो, म्हणून पीसी बंद असतानाही एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, पाच व्होल्टचा थोडा पुरवठा चालूच ठेवतो. काही मदरबोर्डांवर बंद पीसीतही एक बारीक दिवा पेटलेला दिसतो, तो याच पाच व्होल्टवर. तो दिसला तर भिंतीपासून मदरबोर्डपर्यंत वीज पोचते आहे, हे स्क्रू ड्रायव्हर हातात न घेताच कळतं.

पूर्वी असं नव्हतं. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने जाहीर केलेल्या पहिल्या पीसीला उजव्या कुशीत, मागच्या बाजूला, एक दांडगा लाल खटका होता. वर केला की वीज थेट सुरू, खाली केला की थेट बंद. पुढे 'एटी' पद्धतीच्या कॅबिनेटांत बटण समोर आलं, पण घरातली २३० व्होल्टची वीज जाड वायरीनं त्या बटणापर्यंत आणलेली असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना मांडली आणि खटक्याचं काम निरोप्याकडे गेलं. त्या संधिकाळाची खूण विंडोज ९५ वापरलेल्यांना आठवत असेल. शटडाउन केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटायची: आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. जुन्या मशीनची वीज सॉफ्टवेअरला तोडता येत नसे, म्हणून शेवटचा खटका माणसानंच पाडायचा.

आयबीएमच्या त्या पहिल्या पीसीचा एसएमपीएस किती वॉटचा होता? फक्त ६३.५! आज एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे एकटं कार्ड ४५० वॉटचं आहे. म्हणजे तेवढ्या विजेत तसले सात पीसी चालले असते.

चार सेकंदांचा चकवा

अडकलेला पीसी बंद करायला बटण चार सेकंद दाबून धरायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. ही सोय एसीपीआय नावाच्या नियमावलीत आहे. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ती मिळून प्रसिद्ध केली. आता याचीच उलटी बाजू पाहा. नव्या कॅबिनेटचं बटण आत रुतून बसलं असेल, तर पीसी झोकात सुरू होतो आणि चार सेकंदांनी आपोआप बंद पडतो. माणूस बिचारा एसएमपीएसवर संशय घेतो, आणि चूक असते प्लॅस्टिकच्या एका बटणाची.

आधी भिंत, मग मदरबोर्ड

भिंतीवरचा स्विच, एक्स्टेंशन बोर्डाचा स्विच, स्पाइक गार्डचा स्विच, यूपीएसचं बटण आणि एसएमपीएसच्या पाठीवरचा खटका. आपल्या घरांत वीज पीसीपर्यंत पोचेतो चार-पाच दारं ओलांडते. त्यातलं शेवटचं दार हमखास विसरलं जातं. एसएमपीएसच्या खटक्यावर एक उभी रेघ असते आणि एक गोल. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. एक आणि शून्य, झालं!

पॉवर केबलचं दुसरं टोकही जरा जोर लावून बसवा. नव्या एसएमपीएसचं सॉकेट घट्ट असतं, आणि अर्धवट घुसलेली केबल लांबून अगदी नीट बसल्यासारखी दिसते. मॉनिटरला बऱ्याचदा हीच केबल लागते, त्यामुळे संशय आला तर मॉनिटरची केबल लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी.

एसएमपीएस जुना किंवा कुणाकडून घेतलेला असेल तर पाठीवर एक छोटा लाल सरकता खटका आहे का बघा, ११५ आणि २३० असे आकडे असलेला. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिली, तर पुढचा आवाज फटाक्याचा असतो. आजकालचे बरेच एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आपसूक ओळखतात, म्हणून तो खटका आता दुर्मीळ झाला आहे.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या का येतात?

मदरबोर्ड खराब म्हणून? मुळीच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारी चाळणी असते. तिच्यात फेजकडून आणि न्यूट्रलकडून एकेक लहान कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला असतो. घराला अर्थिंग असेल तर तिथून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला असेल, तर पत्र्यावर मुख्य विजेच्या जवळपास निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण ही खूण गंभीरपणे घ्यावी. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घेणं हा पीसी-जोडणीचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. हजारो रुपयांचं ग्राफिक्स कार्ड आणायचं आणि तिसऱ्या पिनेकडे दुर्लक्ष करायचं, हे पटत नाही.

विजेचा दुसरा छुपा प्रकार म्हणजे अंगावर साठणारी स्थिर वीज. बोटातून उडालेली ठिणगी आपल्याला जाणवते तेव्हा तिचा दाब साधारण ३,००० व्होल्टच्या घरात असतो. नाजूक चिपला इजा करायला त्याहून कितीतरी कमी दाब पुरतो, म्हणजे नुकसान होऊनही हाताला पत्ता लागत नाही. दमट हवेत ही वीज फारशी साठत नाही, कोरड्या हवेत झपाट्यानं साठते. त्यामुळे रत्नागिरीत पावसाळ्यात पीसी जोडणाऱ्यापेक्षा नागपुरात कोरड्या दिवसांत जोडणाऱ्यानं जास्त जपावं. पार्ट उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, एवढी सवय पुरते.

स्क्रू ड्रायव्हरनं पीसी चालू करा

बटण दोनच पिना जोडतं ना? मग तेच काम स्क्रू ड्रायव्हरचं टोकही करतं. मदरबोर्डच्या पुस्तिकेत पुढच्या पॅनेलच्या पिनांचा नकाशा असतो. त्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना क्षणभर टोक टेकवा. पीसी सुरू झाला तर मदरबोर्ड निर्दोष, दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. त्या पिनांवर जेमतेम पाच व्होल्ट असतात, शॉक बसत नाही. फक्त शेजारच्या भलत्या पिनांना टोक लागू देऊ नका.

बटणच बिघडलं असेल तर? रीसेट बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावा! दोन्ही बटणं आतून एकसारखीच असतात. नवं कॅबिनेट बदलून मिळेतो पीसी रीसेटच्या बटणावर बिनधास्त चालतो. शिवाय बटणाची वायर सुलटी-उलटी कशीही लावली तरी चालते. दिव्यांच्या वायरींना मात्र धन-ऋण पाहावं लागतं, उलटी लावली तर दिवा नुसता पेटत नाही, बाकी काही बिघडत नाही.

सगळ्यात विसराळू केबल

मदरबोर्डच्या कडेला २४ पिनांची रुंद केबल लागते. ती मोठी असल्यानं कुणी विसरत नाही. विसरली जाते ती वरच्या डाव्या कोपऱ्यातली चार किंवा आठ पिनांची, प्रोसेसरची केबल. ती जागा पंख्याखाली दडलेली, हात न पोचणारी. केबल नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. काही बोर्डांवर पंखे एक गिरकी घेऊन थांबतात.

ही वेगळी केबल आली कुठून? २००० साली पेंटियम ४ आला तेव्हा. तोवर प्रोसेसरची वीज मुख्य केबलमधल्या कमी व्होल्टच्या तारांमधून घेतली जाई. पण हिशेब करून बघा. १०० वॉट पाच व्होल्टनं न्यायचे तर २० अँपिअर लागतात, बारा व्होल्टनं न्यायचे तर साडेआठपेक्षाही कमी. अँपिअर कमी म्हणजे वायर कमी तापते. म्हणून प्रोसेसरसाठी बारा व्होल्टची स्वतंत्र वाट काढली. पुढे प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसलेली सर्किटं हे बारा व्होल्ट उतरवून सव्वा व्होल्टच्या आसपास आणतात. तिथे तेच १०० वॉट म्हणजे ८० अँपिअर! घरातल्या गीझरच्या सॉकेटला १६ अँपिअरची मर्यादा असते. ही ८० अँपिअरची वाहतूक बोटभर अंतरात, तांब्याच्या पातळ थरांमधून चाललेली असते. मला या सगळ्या यंत्रातलं सर्वांत थक्क करणारं काम हेच वाटतं.

एक धोका मात्र इथे दबा धरून बसला आहे. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल लांबून सारख्या दिसतात. एकीत जिथे बारा व्होल्ट असतात तिथे दुसरीत ग्राउंड असतं. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, म्हणून चुकीची केबल सहजी जात नाही. केबल जात नसेल तर जोर लावू नका, तिच्यावरची छापील अक्षरं वाचा.

दुसऱ्याची केबल लावू नका

या फीचरमधलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएस असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच केबली वापरा. केबलचं मदरबोर्डकडचं टोक जगभर एका नियमानं बांधलेलं आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला असा कुठलाही नियम नाही! प्रत्येक कंपनी पिनांचा क्रम आपापला ठरवते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तो वेगळा असतो. टोक मात्र बसतं, अगदी आवाज करून बसतं. मग पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जातात आणि एसएसडी, हार्ड डिस्क एका क्षणात संपतात. जुना एसएमपीएस काढून नवा लावताना, 'केबली आधीच छान बांधल्यात, त्याच राहू दे' हा मोह होतो. तो आवरायलाच हवा. त्या डिस्कवर घरातले फोटो असतात.

ताशा वाजल्याशिवाय ढोल नाही

एसएमपीएस सुरू झाला म्हणून प्रोसेसर लगेच काम सुरू करत नाही. आधी बारा, पाच आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे स्थिर व्हावे लागतात. ते झाले की एसएमपीएस करड्या वायरीतून 'पॉवर गुड' हा इशारा देतो, आणि तोवर प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. ढोल-ताशा पथकात ताशाचा इशारा मिळेपर्यंत टिपरू ढोलावर पडत नाही, तशातलाच प्रकार. नियमानुसार हा इशारा १०० ते ५०० मिलिसेकंदांत यायला हवा, म्हणजे जास्तीत जास्त अर्धा सेकंद. पुरवठा डळमळला तर इशारा मागे घेतला जातो आणि सगळं जागच्या जागी थांबतं. पंखे फिरतात पण पीसी पुढे सरकत नाही, याचं एक कारण हे असू शकतं.

हिरवी वायर, काळी वायर आणि एक क्लिप

एसएमपीएस जिवंत आहे का? रिपेअरवाल्यांची जुनी चाचणी अशी: तो पीसीतून पूर्ण सोडवायचा, मुख्य प्लग काढलेला असताना २४ पिनांच्या टोकातली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला कागदाच्या क्लिपनं जोडायची, आणि मग वीज द्यायची. हिरवी वायर म्हणजे 'चालू हो' या निरोपाची वायर. ती काळीला, म्हणजे ग्राउंडला, टेकली की एसएमपीएस सुरू होतो. पंखा फिरला तर तो सुरू होतोय एवढं नक्की. भार आल्यावर टिकेल का, हे यातून कळत नाही.

वायरींचे रंगही ठरलेले आहेत. पिवळी बारा व्होल्ट, लाल पाच, नारिंगी ३.३, आणि जांभळी ती सदा जागी असलेली पाच व्होल्टची. पण आता देखण्या बिल्डच्या हौसेपायी बऱ्याच कंपन्या सगळ्या वायरी काळ्याच देतात. तेव्हा रंगावर विसंबू नका, पिनांचा नकाशा बघा. आणि पंखा फिरला नाही म्हणून एसएमपीएसला मेलेला ठरवू नका! कमी भारावर पंखा मुद्दाम बंद ठेवणारे एसएमपीएस आता सर्रास मिळतात.

एसएमपीएसचं झाकण मात्र कधीच उघडू नका. २३० व्होल्टच्या विजेचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, आणि आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तेवढा किंवा त्याहून जास्त दाब काही काळ धरून ठेवतो. हे काम शिकलेल्या हातांचंच.

पितळी बुटके

मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट बसत नाही. पितळेच्या छोट्या खांबांवर, पत्र्यापासून साधारण सहा मिलिमीटर वर उचललेला असतो. याला स्टँडऑफ म्हणतात. खांब कमी लावले तर बोर्ड वाकतो, एवढंच. पण एखादा जास्तीचा खांब, जिथे बोर्डाला भोक नाही तिथे, राहून गेला तर? तो पाठीमागच्या सोल्डरच्या टोकांना टेकतो आणि शॉर्ट होतं. एसएमपीएस हे ओळखतो आणि स्वतःला बंद करून घेतो. बटण दाबताच एक टिक आवाज आणि शांतता, ही त्याची ठरलेली लक्षणं. अशा वेळी बरेच एसएमपीएस रुसल्यासारखे अडून बसतात, दोष काढला तरी सुरू होत नाहीत. पाठीवरचा खटका बंद करून थोडं थांबलं की पुन्हा तयार. कॅबिनेटमध्ये पडलेला एक सुटा स्क्रूसुद्धा हाच प्रताप करतो.

बाहेर काढा, पुठ्ठ्यावर ठेवा

सगळं बघून झालं आणि तरी पीसी ढिम्म? मग मदरबोर्ड बाहेर काढा आणि तो ज्या खोक्यातून आला त्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्याच्यासोबतच्या चंदेरी पिशवीवर नको. ती पिशवी बाहेरून वीज वाहू शकते! आता फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस जोडा. चाललं तर एकेक पार्ट वाढवत जा. ज्या पार्टनं बंद पाडलं तो गुन्हेगार.

'आधी लहान जोडा, चालवून दाखवा, मग वाढवा' ही रीत मुंबईत सत्तर वर्षं जुनी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा संगणक उभा राहत होता, तेव्हा त्या तरुण चमूनं आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र बांधलं. ते १९५६ मध्ये चालू झालं, आणि त्यानंतर मोठं यंत्र हाती घेतलं. १९६० साली सुरू झालेल्या त्या यंत्रात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पुढे पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. २,७०० ट्यूबांतली कुठली गेली हे शोधणारी ती माणसं आठवली की आपल्या चार केबली आणि दोन रॅम फार सोप्या वाटू लागतात.

अमेरिकेतल्या एनिॲक या संगणकात तर जवळपास १८,००० ट्यूब होत्या, आणि त्या बहुतेक तापताना आणि थंड होताना, म्हणजे यंत्र चालू-बंद करतानाच जायच्या. उपाय काय केला? यंत्र बंदच करायचं नाही!

खोडरबर आणि आपटलेला ॲपल

रॅम नीट बसलेली नसणं हे 'डिस्प्ले येत नाही' या तक्रारीचं फार मोठं कारण. रॅम बसताना कट् असा आवाज यायला हवा. काही बोर्डांवर एकाच बाजूला खिट्टी असते, दुसरी बाजू मुकाट वर राहते आणि लक्षातही येत नाही. दोन रॅम असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, पहिल्या दोन खाचांत नाही. आपल्याकडचे रिपेअरवाले जुन्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसतात आणि पीसी चालू होतो. यात जादू नाही. पट्टीवरचा मळ निघतो आणि संपर्क पुन्हा जुळतो.

१९८० च्या ॲपल ३ या संगणकात चिपा तापून खाचांतून सैल व्हायच्या. उपाय म्हणून ग्राहकांना यंत्र काही इंच उचलून खाली आपटायला सांगितलं गेलं, म्हणजे चिपा परत बसतील! तुम्ही आपटू नका. रॅम काढा आणि परत बसवा, काम तेच.

डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हीला २८८ संपर्क आहेत. मात्र मधली खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आणि डीडीआर५ वाल्यांसाठी खास सूचना: धीर धरा! पहिल्यांदा चालू करताना मदरबोर्ड रॅमशी वेळेचं गणित जुळवतो. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर या जुळवणीला कधीकधी काही मिनिटं लागतात. पडदा काळा, पंखे चालू, माणूस घाबरून प्लग काढतो आणि जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा टाका, प्यायला बसा, मग बघा.

बीप म्हणजे बोली

पहिला आयबीएम पीसी सगळं ठीक असलं की एकदा छोटी बीप द्यायचा. एक लांब आणि दोन छोट्या बीप ऐकू आल्या तर बोट डिस्प्ले कार्डाकडे. पुढच्या अनेक कंपन्यांनी आपापल्या बोली काढल्या, म्हणून बीपचा अर्थ आपल्याच मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघायचा. आताच्या कॅबिनेटांत स्पीकर बहुधा नसतोच. छोटासा बझर वेगळा मिळतो, किंमत किरकोळ, उपयोग मोठा. बऱ्याच नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. ज्या दिव्यावर गाडी अडली, तिथे दोष. नव्या बिल्डरला याहून चांगली सोय नाही, म्हणून बोर्ड घेताना मी रंगीत रोषणाईपेक्षा हे चार दिवे आहेत का ते आधी बघतो.

त्याच काळातला एक अजरामर संदेश: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. कीबोर्डच नाही आणि दाबायचं मात्र त्याचंच बटण!

पीसी चालू आहे, पडदा काळा आहे

मॉनिटरची केबल कुठे लावलीत? ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआय केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे त्यात ग्राफिक्स नसतंच, तिथे मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून कधीच चित्र येणार नाही.

मोठ्या ग्राफिक्स कार्डांची १६ पिनांची केबलही शेवटपर्यंत बसवा. २०२२ मध्ये या केबलची टोकं वितळल्याच्या घटना गाजल्या. २०२३ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली, त्यात इशारा देणाऱ्या छोट्या पिना आणखी आखूड केल्या. टोक पूर्ण बसलं नाही तर त्या पिना जुळत नाहीत आणि कार्ड वीज घेतच नाही. म्हणजे इथे 'चालू न होणं' हीच सुरक्षा!

नवा प्रोसेसर, जुनं बायोस

दुकानातल्या खोक्यात काही महिने पडून असलेल्या मदरबोर्डाला नंतर आलेला प्रोसेसर ओळखता येत नाही. बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायचं तर पीसी चालू हवा, आणि पीसी चालू व्हायचा तर बायोस अपडेट हवं. २०१८ मध्ये एएमडीनं या पेचावर भन्नाट तोडगा काढला. अडकलेल्या ग्राहकांना अपडेटपुरता दुसरा प्रोसेसर उसना पाठवला, काम झालं की परत करायचा! आता अनेक बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. प्रोसेसर नाही, रॅम नाही, फक्त एसएमपीएस आणि पेन ड्राइव्ह, एवढ्यावर बायोस बदलतं.

गोळीएवढी बॅटरी

बोर्डावरची चपटी बॅटरी सीआर२०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दाब तीन व्होल्ट. वीज नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. सेटिंग बिघडून पीसी अडला तर प्लग काढून ही बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवायची किंवा बोर्डावरच्या ठरलेल्या दोन पिना जोडायच्या, म्हणजे सगळं मूळपदावर येतं. ही सोय १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासूनची. त्यात घड्याळाच्या चिपमध्ये अवघे ६४ बाइट होते, आणि त्यातल्याच उरलेल्या जागेत सेटिंग मावत होती.

कूलर आणि ती प्लॅस्टिकची फिल्म

कूलरच्या तळाला लावलेली पारदर्शक फिल्म काढायची राहिली तर पीसी सुरू होतो, तापतो आणि स्वतःला बंद करतो. आजचे प्रोसेसर स्वतःला सांभाळतात. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटनं चालू पीसीवरून कूलर उचलल्याचा व्हिडिओ केला होता. पेंटियम ४ मंदावला आणि कूलर परत ठेवल्यावर पूर्ववत झाला. एएमडीचा तेव्हाचा ॲथलॉन मात्र धूर सोडून गेला.

मुखपृष्ठावरचं रिकामं खोकं

घरी जोडायच्या संगणकाची लाट आली ती अमेरिकेतल्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकातून. मुखपृष्ठावर एमआयटीएस कंपनीचा अल्टेअर ८८०० झळकत होता. पण कंपनीनं अल्बुकर्कीहून पाठवलेलं तयार यंत्र वाटेतच हरवलं होतं! घाईघाईनं दुसरं खोकं पाठवलं, दिवे आणि खटके लावलेलं, आत काही नसलेलं. ज्या फोटोनं हजारो लोकांना कॉम्प्युटर जोडायला लावलं, त्यातला कॉम्प्युटर कधीच चालू होणार नव्हता.

दुकानात जाण्याआधी

एवढं करूनही पीसी गप्प असेल तर आता पार्ट बदलून बघणं उरतं, आणि त्यासाठी दुकान गाठावं लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली सुट्या इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध. दुकानदाराला नुसतं 'चालू होत नाही' असं सांगू नका. बोर्डावरचा दिवा पेटतो का, पंखा फिरतो का, किती सेकंदांनी थांबतो, कुठल्या दिव्यावर अडतो, पुठ्ठ्यावर ठेवून बघितलं का, हे सांगा. निम्मं निदान तिथेच होतं. बिल आणि मूळ खोकी बरोबर घ्या. आणि मदरबोर्ड नेताना प्रोसेसरच्या सॉकेटवर त्याचं प्लॅस्टिकचं झाकण परत लावा. सॉकेटमधल्या केसासारख्या पिना वाकलेल्या दिसल्या तर वॉरंटीचा अर्ज बहुधा नाकारला जातो. म्हणून निघण्यापूर्वी भरपूर उजेडात सॉकेटचा जवळून एक स्पष्ट फोटो काढून ठेवा.